सदाफुलीच्या अर्काची परीक्षा

उमरी व आसपासच्या गांवांत असें घर विरळा, कीं ज्याच्या अंगणांत, न्हाणीच्या पाण्यावर किंवा तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशीं सदाफुलीचें एखादें झुडूप नाहीं. कोणीं मुद्दाम लाविलेलें असो वा आपोआप उगवलेलें असो, तें बाराहि महिने फुलतें. शेळी त्यास तोंड लावीत नाहीं. आणि उन्हाळ्यांत इतर फुलझाडें माना टाकतात तेव्हांहि देवपूजेची परडी तें रिकामी राहूं देत नाहीं. या गरीब झाडाविषयीं शेतकरी बंधूंकडून दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला असा कीं, सकाळीं अनशापोटीं सदाफुलीचीं फुलें अथवा पानें चावून खाल्लीं असतां मधुमेह बरा होतो काय? दुसरा असा कीं, या झाडापासून कर्करोगाचें मोलाचें औषध निघतें असें ऐकतों. तर कापूस व सोयाबीन बाजूस सारून त्याची लागवड केल्यास लाभ होईल काय?

पहिल्या प्रश्नांत शेतकऱ्याचा जीव गुंतलेला आहे, दुसऱ्यांत त्याची जमीन व पैसा. दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें. या झाडाच्या अर्काची परीक्षा कोणीं व कशी केली, तींत काय शोधावयास गेले आणि काय हातीं आलें, ही हकीकत नीट समजली म्हणजे दोन्ही प्रश्न आपोआप सुटतात. म्हणून ती हकीकत आम्ही येथें क्रमानें देत आहों.

झाडाची ओळख.— सदाफुली हें दीड-दोन हातांपर्यंत वाढणारें झुडूप आहे. पानें समोरासमोर, लांबट, तुकतुकीत. फुलास पांच पाकळ्या. रंगावरून तिचे तीन मुख्य प्रकार आपल्याकडे दिसतात: गुलाबी, शुभ्र पांढरा, आणि मध्यें तांबडा डोळा असलेला पांढरा. धर्माबादेच्या बाजूस तेलुगु बोलणारे लोक तीस ‘बिळ्ळ गन्नेरु’ म्हणतात. गन्नेरु म्हणजे कण्हेर. आणि हें नांव अगदीं यथार्थ आहे, कारण शास्त्रज्ञांच्या मतेंहि सदाफुली कण्हेरीच्याच कुळांतील आहे. बिट्टी, चाफा, रुई व सर्पगंधा हीं सर्व त्याच कुळाचीं भावंडें होत. या कुळांत तीव्र विषें व उत्तम औषधें शेजारीं शेजारीं नांदतात. बिट्टीच्या बिया खाऊन माणसें दगावतात हें ग्रामीण भागांत सर्वांस ठाऊक आहे. आणि सर्पगंधेनें रक्तदाब उतरतो हेंहि आतां सर्वमान्य झालें आहे. कुळाचा हा स्वभाव पुढील विवेचनांत वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

सदाफुली मूळची आपली नव्हे. तिचें माहेर आफ्रिकेच्या पूर्वेस असलेलें मादागास्कर बेट. तेथून ती शोभेचें झाड म्हणून युरोपांतील बागांत गेली व सर्व उष्ण देशांत पसरली. १७५९ सालीं लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानें तीस ‘व्हिन्का रोझिया’ असें नांव दिलें. हल्लीं तीस ‘कॅथॅरॅन्थस रोझियस’ म्हणतात. बाहेरून आलेलें झाड असल्यामुळें चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिचें वर्णन सांपडत नाहीं. म्हणून ‘आपल्या ऋषींनीं सांगितलेलें औषध’ असें म्हणून जे कोणी ही पानें देतात, त्यांच्या म्हणण्यास आधार नाहीं.

असें असलें तरी लोकसमज पोकळ होता असें मात्र नव्हे. जमेका, फिलिपाइन बेटें, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान अशा एकमेकांपासून शेंकडों कोस दूर असलेल्या देशांत सदाफुलीच्या पानांचा काढा साखरेच्या विकारावर देण्याची चाल पडली होती. इतक्या ठिकाणचे लोक एकच गोष्ट सांगतात तेव्हां ती तपासून पाहण्याजोगी ठरते. परंतु तपासण्याजोगी असणें व खरी असणें यांत अंतर आहे. तें अंतर तोडण्याचें काम परीक्षेचें.

परीक्षेची रीत.— शेतकरी बियाण्याची परीक्षा करतो ती आठवावी. पेरणीपूर्वीं सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावयाचे व कांहीं दिवसांनीं किती उगवले तें पाहावयाचें. सत्तर उगवले म्हणजे बियाणें पेरण्याजोगें ठरलें. परंतु तेवढ्यावरून खळ्यावर रास पडली असें कोणी म्हणत नाहीं. पाऊस, तण, कीड, काढणी सर्व अजून पार पडावयाचें असतें. वनस्पतीच्या औषधी गुणाच्या परीक्षेंतहि अशाच एकामागून एक पायऱ्या आहेत.

पहिली पायरी ओळखीची. झाड नेमकें कोणतें, त्याचा कोणता भाग, कोणत्या वयाचा व कोणत्या ऋतूंत काढलेला, हें नोंदवून त्याचा वाळविलेला नमुना जपून ठेवितात. दुसरी पायरी अर्क काढण्याची. पानें सावलींत वाळवून, भुकटी करून ती पाण्यांत, मद्यार्कांत अथवा दुसऱ्या द्रवांत भिजवितात. द्रव बदलला कीं अर्कहि बदलतो. हळदीचा रंग पाण्यांत नीट उतरत नाहीं, पण तेलांत चटकन् उतरतो, हें हळद पिकविणाऱ्या आमच्या नांदेडकडील शेतकऱ्यांस सांगावयास नको. म्हणून घरीं उकळलेला काढा आणि प्रयोगशाळेंतील अर्क या दोन वस्तु एकच आहेत असें समजूं नये.

तिसरी पायरी काचपात्रांतील. अर्काचा थेंब जंतूंवर किंवा रोगट पेशींवर टाकून त्या मरतात कीं काय तें पाहतात. महाविद्यालयांतून वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी असे प्रयोग पुष्कळ करतात, व ते उपयुक्तहि असतात. परंतु काचेच्या ताटलींत रॉकेल ओतलें तरी जंतु मरतील. तेवढ्यानें रॉकेल औषध होत नाहीं. वर्तमानपत्रांत अथवा मोबाइलवर ‘अमक्या फुलाच्या अर्कानें कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशी बातमी दिसली, कीं ती या तिसऱ्या पायरीची आहे कीं पुढची, हें वाचकांनीं अगोदर पाहावें.

चौथी पायरी प्राण्यांवरील. उंदरांच्या एका गटास अर्क देतात व दुसऱ्या तितक्याच गटास देत नाहींत. बाकी चारा, पाणी, जागा सर्व सारखें. नव्या खताचा गुण पाहावयाचा तर शेतांत एक पट्टा बिनखताचा सोडावा लागतो, त्यांतलाच हा प्रकार. पांचवी व शेवटची पायरी माणसांवरील. तेथें प्रथम औषध सोसतें कीं नाहीं, मग किती मात्रा द्यावी, आणि मग चालू औषधापेक्षां तें सरस आहे काय, हें पाहतात. आपल्या देशांत अशा चाचण्यांस २०१९ च्या नियमांप्रमाणें सरकारची व नीतिसमितीची पूर्वपरवानगी लागते.

आमच्या मुंबईंत अशा परीक्षेचें एक नांवाजलेलें उदाहरण घडलें आहे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं सदाफुलीचीच भावकी असलेल्या सर्पगंधेचें मूळ रक्तदाबाच्या ५० रुग्णांस देऊन, प्रत्येकाची मोजणी ठेवून, १९४९ सालीं आपले निष्कर्ष ब्रिटनमधील हृद्रोगाच्या मासिकांत प्रसिद्ध केले. वैद्यांचा जुना अनुभव मोजमापास उतरला आणि सर्पगंधेचें नांव जगभर झालें. तेथें लोकसमज व परीक्षा यांचा मेळ बसला. सदाफुलीचें तसें झालें नाहीं. तिच्या परीक्षेस निराळेंच वळण लागलें.

कॅनडांतील प्रयोग.— इन्सुलिन शोधणाऱ्या टोरांटो येथील मंडळींत काम केलेले डॉ. क्लार्क नोबल यांजकडे १९५२ सालीं जमेकाहून एका पाकिटांतून सदाफुलीचीं कांहीं पानें आलीं. तेथील लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेतात, तरी पाहावें, असा निरोप होता. क्लार्क यांनीं तीं पानें आपले बंधु डॉ. रॉबर्ट नोबल यांजकडे धाडलीं. रॉबर्ट हे ऑन्टॅरिओ प्रांतांतील लंडन या गांवीं, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विश्वविद्यालयांत संशोधन करीत असत.

रॉबर्ट नोबल यांनीं पानांचा पाण्यांत काढलेला अर्क उंदरांस तोंडावाटें पाजला. रक्तांतील साखर म्हणण्यासारखी उतरली नाहीं. येथेंच कोणी कागद गुंडाळून ठेवले असते तर सदाफुलीचें नांव विस्मृतींत गेलें असतें. परंतु त्यांनीं अर्क टोचून पाहिला. टोचलेले उंदीर आठवड्याच्या आंत मरूं लागले. त्यांच्या अंगांत गळवें झालीं होतीं, आणि तीं एका सामान्य जंतूमुळें झालीं होतीं, जो जंतु धडधाकट प्राण्यास सहसा बाधत नाहीं. मग या उंदरांसच तो कां बाधला? रक्त तपासलें तेव्हां उलगडा झाला: पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशीं झुंजणारे रक्तांतील शिपाई, झपाट्यानें घटले होते, कारण जेथें त्या पेशी तयार होतात ती हाडांतील मज्जाच अर्कानें मंदावली होती.

सामान्य माणसाच्या दृष्टीनें हा अर्क म्हणजे विषच ठरलें. पण रॉबर्ट नोबल यांच्या मनांत निराळा विचार आला. रक्ताच्या कर्करोगांत पांढऱ्या पेशी अतोनात वाढतात. ज्या द्रव्यानें त्या घटतात तेंच द्रव्य मोजून-मापून दिलें तर रोगास आळा बसेल काय? १९५४ सालीं रसायनज्ञ डॉ. चार्ल्स बीअर त्यांस येऊन मिळाले. पानांत नाना प्रकारचीं द्रव्यें मिसळलेलीं होतीं. एक एक वेगळें करावयाचें, उंदरांवर पाहावयाचें, आणि पांढऱ्या पेशी कोणत्यानें उतरतात तें हेरावयाचें, असें चिकाटीचें काम चाललें. अखेर १९५८ सालीं त्यांनीं शुद्ध द्रव्य हातीं आल्याचें जाहीर केलें. त्यासच पुढें व्हिनब्लास्टीन हें नांव पडलें.

त्याच सुमारास अमेरिकेंतील एली लिली या औषधांच्या कंपनींत गॉर्डन स्वोबोडा यांनीं, मधुमेहावरील त्याच लोकसमजावरून, सदाफुली स्वतंत्रपणें परीक्षेस घेतली होती. तेथें नव्या वनस्पतींचे अर्क अनेक रोगांवर एकदम पाहण्याचा प्रघात होता. रक्ताचा कर्करोग मुद्दाम लावलेल्या उंदरांस सदाफुलीचा अर्क देतांच त्यांचें आयुष्य स्पष्टपणें वाढलेलें दिसलें. दोन ठिकाणांहून, दोन निराळ्या वाटांनीं, एकच गोष्ट निघाली; त्यामुळें तिच्याविषयीं शंका उरली नाहीं. स्वोबोडा यांनीं पुढें व्हिन्क्रिस्टीन हें दुसरें द्रव्य वेगळें केलें व १९६३ सालीं त्यास अमेरिकेंत औषध म्हणून मान्यता मिळाली.

द्रव्यांचा गुण.— सदाफुलींत शंभराहून अधिक अल्कलॉइडें, म्हणजे वनस्पतींत तयार होणारीं कडू व तीव्र गुणाचीं द्रव्यें, आढळलीं आहेत. त्यांपैकीं वरील दोन पानांत असतात. पेशी जेव्हां दुभागते तेव्हां तिच्या आंत बारीक तंतूंची एक यंत्रणा उभी राहते व ती गुणसूत्रें दोन्हीकडे ओढून वांटते. हीं द्रव्यें ते तंतु बनूंच देत नाहींत; त्यामुळें पेशीचें दुभागणें अडतें व ती मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभागत असतात म्हणून त्या अधिक सांपडतात. परंतु मज्जेंतील चांगल्या पेशीहि दुभागत असतात, म्हणून त्यांनाहि झळ लागते. दोन्ही द्रव्यांच्या घडणींत अगदीं थोडा फरक आहे. तरीहि व्हिनब्लास्टीन मुख्यतः मज्जेस जाचतें, तर व्हिन्क्रिस्टीन मज्जातंतूंस जाचून हातापायांस मुंग्या व बधिरपणा आणतें. तें शिरेंतूनच द्यावें लागतें. चुकून पाठीच्या कण्यांत टोचलें गेल्यास बहुधा प्राणघातक ठरतें. इतका हा धारेवरचा खेळ आहे.

पण त्यानें केलेलें कामहि तेवढेंच मोठें आहे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिन्क्रिस्टीन हा आजहि पाया आहे. जो रोग एके काळीं आईबापांनीं आशा सोडण्याजोगा होता, त्यांतून आज पुष्कळ मुलें इतर औषधांच्या जोडीनें वांचतात. जागतिक आरोग्य संघटनेनें या दोन्ही औषधांस आवश्यक औषधांच्या यादींत स्थान दिलें आहे.

महाराष्ट्राचा वाटा.— हीं औषधें बाहेरून आणावीं लागत तोंवर गरिबांस तीं दुर्मिळच होतीं. १९५० सालीं पुण्यांत सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या सहकार्यानें व्हिनब्लास्टीन व व्हिन्क्रिस्टीन येथेंच काढण्याची रीत बसविली. १९८४ सालीं तें काम सिद्धीस गेलें. आपल्या अंगणांतील झाडाचें औषध आपल्याच प्रांतांतील रसायनज्ञांनीं तयार केलें ही गोष्ट अभिमानाची आहे. मात्र तीस प्रशिक्षित माणसें, शुद्ध द्रावणें, सूक्ष्म तराजू आणि वर्षांचे श्रम लागले, हें विसरतां कामा नये. पाट्यावर वाटून किंवा पातेल्यांत उकळून तें होणारें नव्हतें.

पानांत औषध किती?— हा हिशेब शेतकऱ्यानें स्वतः करून पाहावा. १ ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन काढण्यास सुमारें ५०० किलो वाळलेलीं पानें लागतात. ओलिताखालीं सदाफुलीचें पीक चांगलें साधलें तर हेक्टरी सुमारें ४ टन वाळलेलीं पानें मिळतात, म्हणजे एकरी १६०० किलोच्या आसपास. तेव्हां एका एकराच्या सर्व पानांत मिळून व्हिन्क्रिस्टीन अवघें ३ ग्रॅम. प्रौढ रोग्यासहि एका वेळीं हें औषध सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहींत. म्हणजे १ ग्रॅमांत ५०० मात्रा झाल्या व एकराच्या पानांत सुमारें दीड हजार. या आंकड्यांवरून दोन गोष्टी कळतात. औषध अत्यंत प्रखर आहे. आणि पानांत तें इतकें विरळ आहे कीं मूठभर पानें चावून कर्करोग बरा होण्याची आशा धरणें म्हणजे गोदावरींत खडीसाखर टाकून पाणी गोड होण्याची वाट पाहण्यासारखें आहे. कर्करोगाच्या रोग्यास रुग्णालयांतून काढून घरीं सदाफुलीचा काढा पाजणें हा त्याचा घात आहे, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

मधुमेहाचा प्रश्न.— आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. नोबल यांच्या उंदरांत काढ्यानें साखर उतरली नाहीं, हें वर आलेंच आहे. पुढें प्राण्यांवर झालेल्या इतर प्रयोगांत सदाफुलीच्या कांहीं अर्कांनीं व कांहीं अल्कलॉइडांनीं साखर उतरल्याचें आढळलें आहे. तेव्हां या झाडांत तसा गुण मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो गुण चौथ्या पायरीवरच अडकून राहिला आहे. माणसास किती पानें, किती दिवस, कोणत्या वयांत द्यावीं, आणि त्यानें डोळे, मूत्रपिंडें, पाय यांचें रक्षण होतें काय, हें ठरवून मधुमेहावर मान्य झालेलें असें सदाफुलीचें एकहि औषध नाहीं.

शिवाय एका झुडपाच्या पानांत अल्कलॉइडें जितकीं असतात तितकींच शेजारच्या झुडपांत असतील असा नेम नाहीं. वय, ऋतु, जमीन, वाळविण्याची रीत यांप्रमाणें तीं कमीजास्त होतात. फुलांच्या थोरपणासाठीं तयार केलेल्या हल्लींच्या संकरित जाती तर त्या गुणासाठीं निवडलेल्याच नसतात. मात्रा माहीत नाहीं, द्रव्य ठरलेलें नाहीं, आणि कुळ कण्हेरीचें. अशा स्थितींत रोज पानें खाणें हें डोळे मिटून फवारणीचें औषध ओतण्यासारखें आहे. गर्भवती स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुलें, आणि ज्यांच्या रक्तांतील पेशी आधींच कमी आहेत असे रोगी यांनीं तर त्यापासून दूरच राहावें.

दोन-चार फुलें चावल्यानें कोणी तत्काळ दगावतो अशी भीति आम्ही घालीत नाहीं. खरा धोका निराळा आहे. शेतकरी फुलें खाऊं लागतो, त्यास बरें वाटतें, आणि तो डॉक्टरांची गोळी किंवा इन्सुलिन बंद करतो. साखर वाढली तरी पुष्कळ दिवस अंगांत कांहीं दुखत नाहीं. पुढें अनवाणी चालतांना पायास कांटा लागतो, जखम चिघळते, आणि पाय कापण्याची पाळी येते. तेव्हां फुलांचा खर्च शून्य होता, पण त्याची किंमत एक पाय झाली. ज्यांस हौसच असेल त्यांनीं निदान आपल्या डॉक्टरांस सांगितल्याविना कांहीं घेऊं नये आणि चालू औषध एक दिवसहि सोडूं नये. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याची हमी देणारी जाहिरात करणें १९५४ च्या कायद्यानें गुन्हा आहे, हेंहि ठाऊक असावें. जो अशी हमी देतो त्याच्या औषधापेक्षां त्याच्या हेतूचीच परीक्षा अगोदर करावी.

लागवडीचा विचार.— सदाफुली हें आपल्या देशांत नगदी पीक म्हणूनहि घेतलें जातें. तामिळनाडूंत तें विशेष होतें. पानें कर्करोगाच्या औषधांसाठीं व मुळें अजमॅलिसीन या रक्ताभिसरणाच्या औषधासाठीं विकलीं जातात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें ‘निर्मल’ व ‘धवल’ या पांढऱ्या फुलांच्या जाती लागवडीसाठीं दिल्या आहेत.

बी फार बारीक असतें, म्हणून तें वाळूंत मिसळून पेरावें. थेट पेरणीस एकरी १ किलो बी लागतें. रोपें करून लावल्यास २०० ग्रॅम पुरतें. पावसाच्या आरंभीं ४५ सेंटिमीटरांच्या ओळींत ३० सेंटिमीटरांवर रोप लावावें. एकरांत सुमारें ३० हजार रोपें बसतात. पीक बारा महिन्यांचें आहे. सहाव्या व नवव्या महिन्यांत पानें खुडतात, आणि बाराव्या महिन्यांत सर्व झाड काढून पानें, दांडे व मुळें वेगळीं करून सावलींत वाळवितात. कोरडवाहू जमिनींत पानांचा उतार ओलिताच्या निम्म्यानें धरावा.

उमरीकडील शेतकऱ्यानें दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावें. पहिली जमीन. हें झाड पाण्याचा ताण सोसतें, पण मुळांशीं तुंबलेलें पाणी त्यास सोसत नाहीं. गोदावरीच्या अंगच्या भारी काळ्या जमिनींत श्रावण-भाद्रपदांत पाणी सांचतें, तेथें शेंडेमर व मूळकुज लागून रोपें उभींच्या उभीं जातात. लावावयाचीच झाल्यास माळाची हलकी, निचऱ्याची, मुरमाड जमीन निवडावी; सोन्यासारखी कापसाची जमीन त्यांत घालूं नये. जनावरें खात नाहींत म्हणून कुंपणाचा खर्च वांचतो हा मात्र खरा लाभ आहे.

दुसरी व अधिक महत्त्वाची गोष्ट गिऱ्हाइकाची. ज्वारी विकली नाहीं तर घरीं खातां येते. तूर भरून ठेवतां येते. सदाफुलीचीं पानें विकलीं नाहींत तर तीं गुरांसहि घालतां येत नाहींत. तीं घेणारे कारखाने मोजके, आणि ते अल्कलॉइडांचें प्रमाण तपासून दर ठरवितात. शिवाय रसायनशास्त्र थांबलेलें नाहीं. पानांत विपुल असणारीं दोन साधीं द्रव्यें जोडून हीं औषधें बनविण्याच्या रीती निघाल्या आहेत. फ्रान्समध्यें त्याच वाटेनें व्हिनोरेल्बीन हें तिसरें औषध तयार झालें. २०२२ सालीं तर डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनीं तीं दोन द्रव्यें यीस्टकडून, म्हणजे पाव फुगविणाऱ्या किण्वाकडून, तयार करवून घेतल्याचें प्रसिद्ध केलें. तें काम अजून मोठ्या प्रमाणावर उतरावयाचें आहे. परंतु पानांची मागणी सदैव अशीच राहील असें गृहीत धरून कोणी कर्ज काढूं नये.

औषधी पिकांच्या नांवाखालीं रोपें चढ्या दरानें विकून, ‘माल आम्हीच घेऊं’ असें तोंडी वचन देऊन नंतर नाहींसे होणारे लोक मराठवाड्यांत फिरत असतात. म्हणून रोपें घेण्यापूर्वीं खरेदीदाराचा लेखी करार, दर, पानांच्या ओलाव्याची व प्रतीची अट, आणि पैसे देण्याची मुदत हीं ठरवून घ्यावीं. जो रोपें विकतो तोच खरेदीदार असेल तर दुप्पट सावध असावें. प्रथम दोन-चार गुंठ्यांवर करून पाहावें, परभणीच्या कृषि विद्यापीठाचा सल्ला घ्यावा, आणि एक हंगाम माल विकून पैसे हातीं आले म्हणजे मगच क्षेत्र वाढवावें. पिकाचीहि परीक्षा पायरी पायरीनेंच करावयाची असते.

तात्पर्य.— सदाफुलीच्या हकीकतींत लोकसमजानें बोट एका दिशेस दाखविलें आणि परीक्षेनें निराळ्याच ठिकाणीं धन काढून दिलें. लोकांचें सांगणें ऐकलें नसतें तर तें पाकीट कॅनडास गेलेंच नसतें. आणि तें तसेंच खरें मानून काढे वाटीत बसले असते तर मुलांचे प्राण वांचविणारें औषध हातीं आलें नसतें. म्हणून आमचें शेतकरी बंधूंस सांगणें असें: आजीबाईच्या बटव्यांतील माहिती टाकून देऊं नका, ती लिहून ठेवा, झाडाच्या नमुन्यासह जवळच्या महाविद्यालयांत अथवा कृषि विद्यापीठांत नेऊन दाखवा. परंतु परीक्षा पुरी होईपर्यंत स्वतःच्या किंवा घरच्यांच्या देहावर प्रयोग करूं नका. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं गोळी वेळेवर घ्यावी, तीन-तीन महिन्यांनीं रक्त तपासावें, पायांत वहाणा घालून शेतांत जावें. सदाफुलीस अंगणांत खुशाल राहूं द्यावें. तिचीं फुलें देवास वाहावीं आणि तिच्या पानांचें औषध डॉक्टरांच्या हातून, मोजून, ज्यास हवें त्यासच मिळूं द्यावें.